कुपीत पाय मावेनात

गाडीचं खरं नाव कूपे. नाना, म्हणजे माझे वडील, हा शब्द ओठांचा चंबू करून उच्चारायचे. धरणगावात मात्र अत्तराची कुपी सगळ्यांच्या ओळखीची होती, त्यामुळे गाडी दारात आल्यावर आठवडाभरातच तिची कुपी झाली आणि शेवटपर्यंत कुपीच राहिली. नाना गावातल्या कोर्टात वकिली करत. त्यांच्या एका पक्षकाराच्या कापसाच्या जिनात, सरकीच्या ढिगाशेजारी, ही विलायती गाडी कित्येक वर्षं उभी होती आणि आत कोंबड्या अंडी घालत होत्या. पक्षकाराच्या मुलांनी नवी गाडी घेतली, तेव्हा नानांनी ही जुनी मागून आणली. दोनच दारं, पुढे लांबलचक नाक, मागे घसरगुंडीसारखं उतरतं छप्पर. पुढे दोन सुट्या सीटा. पुढची सीट कलती करून, कंबरेत वाकून आत शिरलं तर मागे एक अरुंद बैठक लागायची. तिथे आई आणि अक्का बसत. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली होती आणि तेव्हापासून आमच्या घराचं हायकोर्ट तीच होती. खाली नानांनी काहीही निकाल दिला तरी अपील अक्काकडे चाले.

रविवारी सकाळी नाना कुपी सुरू करत. आधी ती खोकायची, मग उचकी द्यायची, मग सगळ्या गल्लीतल्या भांड्यांना कापरं भरेल अशी थरथरायची. जिनाचा भोंगा आणि कुपीची उचकी, या दोन आवाजांवर आमच्या गल्लीतल्या बायका चुलीवर काय ठेवायचं ते ठरवत. आई अंगणात ज्वारीच्या बिबड्या थापत असली की काळा धूर बघून आधी त्या झाकायची. नाना तोवर काळा कोट चढवून आत बसलेले असत. रविवारी कोर्ट नसतं, पण कोटाशिवाय त्यांनी कुपी कधी चालवली नाही.

नानांची उंची बेताची होती. हा शब्द आमच्या घरात ठरलेला होता. दुसरा जो सरळ शब्द आहे तो शेजारच्या कुत्र्यालाही लावायची सोय नव्हती. फोटो काढायचा असला की नाना पायरी शोधत. त्यांच्या लग्नाच्या फोटोत आई खुर्चीवर बसली आहे आणि नाना शेजारी उभे आहेत. बघणाऱ्याला वाटतं, काय बायकोला मान दिलाय! खरं कारण आई खुर्चीतून उठल्यावर कळायचं. ती फैजपूरची, केळीच्या बागांतली. तिच्या माहेरची सगळी माणसं सरळसोट वाढलेली. नानांच्या शेजारून चालताना ती मान खाली घालायची, पाठ गोल करायची, आणि लोक म्हणायचे, किती मर्यादशील बाई. त्या मर्यादेपायी तिची मान रात्रंदिवस दुखायची आणि घरात निलगिरीच्या तेलाची बाटली कायम असायची.

मी आईवर गेले. शाळेत मला शेवगा म्हणत. लग्नाचं वय आलं तशी माझी उंची हा सार्वजनिक प्रश्न झाला आणि त्यावर ज्याच्या त्याच्याकडे उपाय होता. एका बाईंनी सांगितलं, पोरीचं दूध बंद करा. दुसरीने सांगितलं, डोक्यावरून घागरी आणायला लावा, दाबाने बसेल. नाना शास्त्रीय दृष्टीचे, ते असलं काही मानत नसत. ते फक्त एवढंच म्हणत, "निमे, पाहुण्यांसमोर जरा सैल उभी राहत जा." सैल म्हणजे वाकून. आज माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि जळगावचा डॉक्टर मला बजावतो, आजी, ताठ उभ्या राहा, पोक काढू नका. हा डॉक्टर थोडा लवकर जन्माला यायला हवा होता.

मला कुपी चालवायची होती. फैजपूरला मामांच्या ट्रॅक्टरवर मी शिकले होते. मामांनीच हौसेने जळगावला नेऊन मला लायसन्सही काढून दिलं होतं. पण कुपीचा विषय काढला की नाना म्हणत, "माझी ना नाही. पण तुझे पाय मावणार नाहीत. आता हा काही माझा निर्णय नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे." आणि ते खरंच होतं. ड्रायव्हरची सीट नानांच्या मापाने पुढे ओढलेली होती आणि तशीच रुळांवर गंजून बसली होती. मी एकदा चोरून आत बसून पाहिलं, तर गुडघे स्टिअरिंगच्या वर आले आणि हनुवटीला टेकले. भूमितीपुढे मी गप्प बसले. नाना एरवीही केस अशीच जिंकत. समोरच्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटायच्या आत ते त्याला आकृती काढून दाखवत.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा दीपनगरला, वीज केंद्रात इंजिनिअर. नाव शरद. स्थळ आणणाऱ्याने शिक्षण सांगितलं, पगार सांगितला, पण घरात आनंद झाला तो त्यानंतरच्या वाक्याने. तो म्हणाला, "मुलाला दारातून येताना वाकावं लागतं." आईने हातातली परात खाली ठेवली आणि देवापुढे साखर ठेवायला गेली. माझ्याहून उंच मुलगा आमच्या समाजात आहे, आणि तो पन्नास कोसांच्या आत राहतो, ही बातमी नानांनी कोर्टात न्यायाधीशांनाही सांगितली.

बघायला आले ते शरद आणि त्याचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा धुळ्यातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी. बोलणं थोडं, आणि तेवढं बोलणंही समोरच्यावर उपकार केल्यासारखं. आईने खापरावरचे मांडे केले होते. गरम खापरावर मांडा टाकताना तिचे हात कोपरापर्यंत लाल होत, आणि पाहुणे मांडा मोडून दुधात बुडवताना म्हणत, हल्ली कुठे कोणाला जमतंय. त्या दिवशीही म्हणाले. शरद खरंच दारातून वाकून आला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो उभा राहिला. त्याने वर पाहिलं नाही, सरळ समोर पाहिलं, आणि त्याला मी दिसले. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. एरवी बघायला येणारी मुलं आधी माझ्या पायांकडे बघत, मी काही उंच टाचेचं घातलंय का म्हणून, मग मान वर करत आणि मग लवकर निघत. शरदने हसून कप घेतला. मला तो आवडला, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात नाना म्हणाले, "गाडी पाहिली का आमची? चालवून बघा, शरदराव. आपलीच समजा."

वकिलाने बोलताना शब्द तोलून वापरावेत, असं नाना ज्युनिअर वकिलांना सांगत. शरद हौसेने अंगणात गेला. त्याने दार उघडलं, एक पाय आत घातला, मग डोकं, मग उरलेला शरद आत घेण्याचा प्रयत्न केला. दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले आणि एक गुडघा मधल्या हॉर्नवर दाबला गेला. कुपीचा हॉर्न म्हणजे म्हशीच्या हंबरण्यासारखा. तो वाजायला लागला तो थांबेना, कारण शरदला गुडघा काढायला जागाच नव्हती. गल्लीतली माणसं जमा झाली. नाना बाहेरून ओरडत होते, "डावा पाय आधी! डावा आधी!" आणि आतून शरद विचारत होता, "डावा कुठला?" शेवटी मी दारापाशी जाऊन सांगितलं, "आधी कूस बदला, मग पाय सुटतील." त्याने कूस बदलली, नाना आणि आबांनी काखेत हात घालून ओढलं, आणि माझा भावी नवरा अंगणात बसकण मारून बाहेर आला.

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मुलगी पसंत आहे. गाडी आपलीच समजा म्हणालात, ते आम्हाला मान्य आहे. हुंडा आम्ही घेत नाही, तत्त्व आहे आमचं. पण गाडी प्रेमाने देताय, तर मुलाचे पाय मावतील एवढी जागा तेवढी करून द्या. तो त्यात बसला की साखरपुडा करू."

नानांना वाटलं होतं आपण अदबीने बोललो. आबांनी तो दस्तऐवज समजून नोंदवून घेतला. पाहुणे गेल्यावर नाना झोपाळ्यावर बसून म्हणाले, "मी 'समजा' म्हणालो होतो. 'समजा' हा शब्द कायद्यात..." अक्काने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "तू आते चूप ऱ्हाय," ती म्हणाली. घरात सगळ्यांचं एकमत झालं की पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, गाडीत जागा करायची. आपल्या घरातल्या मुलीचं लग्न क्लच आणि सीट यांच्यातल्या अंतरावर अडलंय, यात कोणालाच काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. मी मनातल्या मनात गुडघ्यांचा हिशेब करत होते.

काम बाबू मिस्त्रीला दिलं. बाबू मिस्त्री गावात ट्रॅक्टर, पंप, मोटारसायकल आणि लग्नातला बँडचा भोंगा, सगळंच दुरुस्त करायचा आणि प्रत्येक वस्तू दुरुस्त झाल्यावर त्याच्याकडे एक-दोन नट उरायचे. नानांनी त्याला टेप आणून दिली तर त्याने ती कानामागे विडी खोचावी तशी खिशात खोचली आणि म्हणाला, "नाना, टेप कसाले? मना डोयाज टेप शेतस. बठ्ठं व्हई जाई." डोळे हीच त्याची टेप होती.

पहिल्या दिवशी त्याने सीटची गादी फोडून आतला काथ्या कमी केला. तो काथ्या अक्काने भांडी घासायला घेतला. सीट खाली गेली, पण पाय तिथेच राहिले. मग मिस्त्रीने गंजलेले रूळ छिन्नीने तोडले आणि सीट मागे सरकवायची म्हणाला. मागे आई आणि अक्काची बैठक. ती काढावी लागणार. नाना घसा खाकरून घरात आले आणि त्यांनी प्रस्ताव मांडला. आई पापडाचं पीठ मळत राहिली. अक्का मात्र उसळली. "मनी जागावर जवाई पाय पसरी का? आनि मी काय गोणी शे, टपवर बांधाले?" पण मुलीच्या लग्नाचं नाव निघाल्यावर अक्काचंही हायकोर्ट नरमलं. बैठक उचकटून अंगणात आली. अक्का दुसऱ्याच दिवसापासून तिच्यावर ऐसपैस बसून ज्वारी निवडायला लागली आणि शेजारणींना म्हणायला लागली की गाडीपेक्षा इथेच बरं, हवा तरी लागते.

सगळ्यात मोठी अडचण मापाची होती. शरद दीपनगरला, रोज रोज त्याला पाय घेऊन बोलवायचं कसं? तेव्हा मिस्त्रीची नजर माझ्यावर पडली. म्हणाला, "ताई शे ना. ताईना पाय बी तेवढाज लंबा." नानांना ते लागलं, पण पटलं. त्या दिवसापासून मी शरदच्या पायांच्या जागी नेमले गेले. रोज दुपारी जेवण झालं की मी कुपीत ड्रायव्हरच्या जागेवर बसायची. मिस्त्री खाली आडवा होऊन पेडल ठोकायचा आणि नाना बाहेर उभे राहून मला बजावायचे, "तू नुसती बस. तुला चालवायचं नाहीये."

मी नुसती बसायची. मिस्त्रीने पेडलचे दांडे वाकवून पुढे लोटले, स्टिअरिंग डॅशबोर्डाखाली पट्टी ठोकून वर उचललं, सीट बोटाबोटाने मागे नेली. आणि एका दुपारी माझे पाय सरळ झाले. टाचा खाली, गुडघे मोकळे, पाठ टेकलेली, मान ताठ. गाडी जागची हललेली नव्हती, समोर फक्त आमची पडवी आणि तिच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. पण आमच्या घरात अशी एक जागा झाली होती की जिथे मला कोणी सैल बस म्हणत नव्हतं. उलट दोन पुरुष मलाच विचारत होते, "मावतंय ना? अजून जागा हवी का?" मी जरा विचार केल्यासारखं करून म्हणाले, "अजून थोडी. त्यांचे पाय माझ्याहून लांब आहेत ना." मिस्त्रीने अजून थोडी केली. मग मी म्हणाले, झालं. तेव्हा त्याने सीट हलू नये, वाजू नये म्हणून ती तळाला वेल्डिंग मारून कायमची पक्की केली, आणि उरलेले नट खिशात टाकून विडी पेटवली.

आता नानांनी गाडी सुरू करून बघायची होती. ते कोट घालून आत बसले आणि आतमध्ये नाहीसे झाले. बाहेरून फक्त कपाळ दिसत होतं. त्यांनी पाय पुढे केला, अजून पुढे केला, शेवटी सीटच्या कडेवर आले, तरी क्लच चार बोटं लांबच राहिला. आईने आतून तक्क्या आणला. तो पाठीमागे लावून नानांनी जोर दिला, तर क्लच खाली जाण्याऐवजी नानाच तक्क्यात रुतले. दुसरा तक्क्या लावला. आता पाय पोहोचला, पण छाती स्टिअरिंगला चिकटली आणि हॉर्न वाजायला लागला. नानांनी बाहेर येऊन कोट झटकला आणि मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही जवाईनं माप सांगं व्हतं, नाना. तुम्हनं सांगं नही."

धुळ्याला आबांना निरोप गेलेला होता, साखरपुड्याची बैठक ठरलेली होती, आणि येताना गाडी घेऊन या असं आबांनी स्वच्छ कळवलं होतं. नानांनी जिनातला ट्रक ड्रायव्हर आणून बसवला, त्याचेही पाय पोहोचेनात. मिस्त्री सीटच्या कडेला टेकून, अर्धवट उभा राहून अंगणात एक फेरी मारू शकला, पण तसं धुळ्यापर्यंत उभ्याने जाणं त्याच्याही मोठेपणात बसत नव्हतं. नाना दोन दिवस झोपाळ्यावर बसून विचार करत राहिले. अखेर पापड लाटता लाटता आई म्हणाली, "अहो, निमी आहे ना."

झोपाळा थांबला. "नवरी मुलगी? स्वतः गाडी चालवत? सासरी?"

"मग तुम्ही चालवा," आई म्हणाली. तिच्या आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता, म्हणून नानांना जास्तच बोचलं असावं.

तर अशी मी स्वतःच्या साखरपुड्याच्या बैठकीला गाडी हाकत निघाले. गाडीत आता दोनच सीटा होत्या, म्हणून आई आणि अक्का शिदोरी आणि फळांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या एसटीने पुढे गेल्या. नाना नारळाची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या डाव्या हाताला बसले. एरंडोलपर्यंत ते माझ्या प्रत्येक गिअरला आपला पाय खाली दाबत होते. एरंडोल गेल्यावर दमले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. "हा तलाव इथे केव्हा झाला?" त्यांनी विचारलं. तलाव पूर्वीपासून होता. स्टिअरिंगमागून त्यांनी आजवर फक्त रस्ता पाहिला होता, आणि तोही वरचा अर्धाच. पारोळ्याच्या पुढे कापसाच्या शेतांत वेचणी चालली होती. बायका पदराच्या ओट्यात कापूस धरून ताठ उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या आणि एकमेकींना हाका मारून मला दाखवत होत्या. नानांनी आधी त्यांना दिसू नये म्हणून डोकं मागे घेतलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी हात हलवला.

धुळे जवळ आलं तसे ते पुन्हा वकील झाले. "वेशीपाशी आपण जागा बदलू. गाडी मी आत नेतो."

"आणि पाय?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हळू चालव. निदान हळू चालव."

आबांच्या अंगणात पन्नासएक माणसं होती. मी गाडी आत घेतली, बंद केली आणि बाहेर उभी राहिले. आई आणि अक्का ओसरीवर बसल्या होत्या, आईने डोक्यावरचा पदर दाताखाली धरला होता. शरद पुढे आला आणि मला म्हणाला, "क्लच जड आहे, नाही?"

"घाटात त्रास होईल," मी म्हणाले. "सपाटीला चालतो."

तो हसला आणि गाडीत बसला. नीट मावला. पाय पसरून, मान टेकून, त्याने गल्लीतून फेरी मारली आणि परत येऊन वडिलांना म्हणाला, "एकदम मापात झालीय. जणू माझे पाय समोर ठेवूनच केलीय." मिस्त्रीने कोणाचे पाय समोर ठेवले होते ते नानांनी अभिमानाने सांगून टाकलं. नानांना अजूनही वाटत होतं की आपण मुलीचं कौतुक करतोय.

आबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी पास. गाडी आजपासून इथेच राहू द्या, तुम्ही सगळे एसटीने जा. एक-दोन गोष्टी मात्र आधी सांगतो. आमच्याकडे बायका गाडी चालवत नाहीत, ते आज झालं ते झालं. आणि वकीलसाहेब, मुलगी आमच्या शरदएवढीच दिसते हो. शेजारी उभी राहिली तर बरं दिसणार नाही. लग्नापर्यंत जरा वाकून चालायची सवय लावा. तुमच्या घरात आहेच म्हणा ती रीत." आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

मी शरदकडे पाहिलं. तो गाडीच्या दाराची कडी बघत होता. आत-बाहेर, आत-बाहेर. शरद वाईट नव्हता. त्याने त्या कडीतून वर पाहिलं असतं आणि एक शब्द बोलला असता, तर मी वाकले असते, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. आवडलेल्या माणसासाठी बायका किती वाकतात ते मी घरातच पाहिलेलं होतं. पण त्याला कडी फार आवडली असावी.

आई ओसरीवरून उठली. तिने पदर सोडला, आणि तिची पाठ हळूहळू, दुखत दुखत, सरळ झाली. आईला तसं उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. ती आबांपेक्षा उंच निघाली. "आबा," ती म्हणाली, "तुमचा मुलगा गाडीत मावेना, तर आम्ही गाडी कापली. मुलाला नाही कापलं. माझी पोरगी तुमच्या घरात मावेना, तर पोरीलाच का वाकवायचं?"

आबा नानांकडे वळले. "वकीलसाहेब, तुमच्या घरात बायका बोलतात?"

नाना नेहमी अशा वेळी आधी चष्मा पुसत आणि मग मुद्दे मांडत. मला वाटलं, आता ते "समजा" या शब्दाचा अर्थ सांगतील, तडजोड सुचवतील, तारीख मागून घेतील. त्यांनी चष्मा पुसला. मग नारळाची पिशवी उचलली आणि म्हणाले, "चला."

"आनि गाडी?" अक्काने विचारलं. फळांच्या टोपल्या तिने एव्हाना परत स्वतःकडे ओढल्या होत्या.

"गाडीही चला," नाना म्हणाले.

सीटा दोन आणि माणसं चार. आई सवयीने पुढची सीट कलती करून मागे शिरायला लागली, तर नानांनी तिला हाताने थांबवलं. कोट काढून तिच्या हातात दिला आणि स्वतः कंबरेत वाकून मागे गेले. मागे आता बैठक नव्हती, उघडा पत्रा होता. त्यावर गोणपाट अंथरून नाना मांडी घालून बसले आणि त्यांच्या शेजारी टोपल्या मांडीवर घेऊन अक्का. आई पुढे, माझ्या शेजारी. कुपी खोकली, उचकी दिली, आणि आबांच्या अंगणात काळ्या धुराचा एक मोठा लोट सोडून बाहेर पडली. मी आरशात एकदा पाहिलं. शरद अंगणात उभा होता. त्याने हात वर केला की डोळ्यांपुढचा धूर झटकला, ते मला कळलं नाही. पुढे बरेच महिने मी दोन्ही अर्थ लावून पाहिले. माझं लग्न झालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या खांद्यापर्यंत येणाऱ्या एका प्राध्यापकाशी. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि फोटोत माझ्या शेजारी उभं राहताना ते कधी पायरी शोधत नसत.

धुळे मागे पडलं. मला रडू येत होतं, पण जड क्लचच्या गाडीत रडायला सवड मिळत नाही. आई समोर बघत होती. पारोळ्याच्या स्टँडजवळ एका टपरीवर भजी तळली जात होती, तिथे अक्काने मागून माझ्या पाठीत बोट खुपसून गाडी थांबवायला लावली. "मना पाय बधिर व्हयनात," ती म्हणाली, "आनि माले भूक लागनी."

मी उतरले, आई उतरली, आम्ही सीट कलती केली, आणि आधी टोपल्या, मग अक्का, मग सगळ्यात शेवटी नाना बाहेर आले. धोतराला गोणपाटाचे धागे लागलेले, टोपी तिरकी. भजीवाला झारा हातात धरून हे सगळं बघत होता. नाना बाहेरच्या माणसाशी नेहमी कोर्टातलं मराठी बोलत, त्यात "सदरहू" आणि "तथापि" येई. भजीवाल्याने विचारलं, "बाबा, गाडी कोनी शे?"

"मनी शे," नाना त्याच्याच बोलीत म्हणाले.

"मंग पोर चालाडस, आनि तुम्ही मांगे काबर बठनात?"

स्टँडवरची चार माणसं वळून बघायला लागली. नानांनी टोपी सरळ केली. मग आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एरवी साक्षीदाराला दरडावायचा तो भरदार आवाज काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी बुटका शे, भाऊ. मना पाय पुरतस नही."

आई एवढ्या मोठ्याने हसली की तिला बाकावर बसावं लागलं. नाना तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी अजून एक प्लेट भजी मागवली.